‘प्रकृती स्थिर’ नंतरचे उपचार

महोदय,

हापूसची काढणी सुरू झाली की झाडावरून पडून डोक्याला मार लागल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. मुंबई-गोवा महामार्गावरील अपघातांच्या तर बारमाही असतात. १०८ ची रुग्णवाहिका, कोल्हापूर, गोव्यातील बांबोळी किंवा मुंबईपर्यंतची धावपळ, शस्त्रक्रिया आणि ‘प्रकृती स्थिर’ एवढ्यावर बातमी संपते. त्यापुढच्या वर्ष-दोन वर्षांविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या वाडीतील एक तरुण असाच आंब्याच्या कलमावरून पडला. शस्त्रक्रिया चांगली झाली आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेमुळे खर्चही निभावला. आज तो हिंडतो-फिरतो, आल्यागेल्याला ‘बसा’ म्हणतो. पण तीन जिनसा आणायला पाठवला तर एकच घेऊन येतो, आणि आईने बाकीच्या दोन विचारल्या की ताट भिरकावतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाल्यास स्मरणशक्ती, कामाची आखणी आणि रागावरचा ताबा यांवर परिणाम होऊ शकतो, हे घरी सोडताना कोणी समजावून न सांगितल्यामुळे घरच्यांनी देवाला कौल लावला, गाऱ्हाणे घातले. त्यांना दुसरे दार तरी कोणते उघडे होते?

फिजिओथेरपीने हातपाय सुधारतात. मात्र रोजचे व्यवहार पुन्हा शिकवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बोलण्या-गिळण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ आणि वागणुकीसाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतो. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या या उपचारांसाठी रोजंदारीवरचे कुटुंब राजापुरातून तिथे किती वेळा जाणार? यातले बरेचसे काम महागड्या यंत्रांचे नाहीच. भिंतीवर लावलेले दिवसाचे वेळापत्रक, खिशातली वही, एका वेळी एकच काम सांगण्याची सवय, हे आईला शिकवणारे माणूस हवे.

सिंधुदुर्गात २०२१ मध्ये आणि रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. तेथे मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनासाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवावा आणि त्याच पथकाने महिन्यातून एकदा उपजिल्हा रुग्णालयांत यावे, अशी मागणी आहे. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अशा दुखापतीचे वेगळे नाव नसल्यामुळे, हातपाय धड असलेल्या पण विसरणाऱ्या माणसाचे प्रमाणपत्र कोणत्या रकान्यात बसवायचे, याची स्पष्ट सूचना आरोग्य विभागाने जिल्हा रुग्णालयांना लेखी द्यावी.

— एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)