मिठाच्या आकृतीत वर्तुळे एकमेकांत अडकवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत गेल्या सोमवारी रासायनिक बंधांच्या आकृत्या छापून आल्या. कात्रण समोर ठेवूनच हे पत्र लिहिते आहे. हायड्रोजन क्लोराइड आणि सोडिअम क्लोराइड, म्हणजे आपले मीठ, यांच्या आकृत्या एकाच साच्यातल्या आहेत: दोन वर्तुळे एकमेकांत अडकलेली, मधल्या सामाईक जागेत एक ठिपका आणि एक फुली, म्हणजे दोन अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन. हायड्रोजन क्लोराइडसाठी हे बरोबर आहे. मिठासाठी साफ चूक आहे, आणि ही चूक एकदा मुलांच्या वहीत शिरली की निघता निघत नाही. पेण तालुक्यात मराठी शाळेत २९ वर्षे विज्ञान शिकवताना मी दरवर्षी ती खोडत आले.

सोडिअमचे संरूपण, म्हणजे आतून बाहेर एकेका कवचातले इलेक्ट्रॉन, २, ८, १ आणि क्लोरीनचे २, ८, ७. इथे वाटणी होत नाही. सोडिअम आपला शेवटचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. म्हणून आकृतीत बाण हवा, आणि बाणानंतर दोन वेगळे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, हवेत. दोन्ही चौकोनी कंसात, एकाच्या डोक्यावर अधिक, दुसऱ्याच्या डोक्यावर उणे. सोडिअम आयनाला आता दोनच कवचे उरतात. तिसरे रिकामे वर्तुळ मुले हमखास काढतात, तेही नको.

वर्गात मी हे बांगड्या आणि चिंचोक्यांनी करून घ्यायची. बांगडी म्हणजे कवच, चिंचोका म्हणजे इलेक्ट्रॉन. सोडिअमच्या मोठ्या बांगडीवर एकच चिंचोका, तिच्या आत लहान बांगडीवर आठ. शेजारी क्लोरीनच्या बांगडीवर सात. तो एकटा चिंचोका क्लोरीनकडे सरकवला की सोडिअमची मोठी बांगडी मी उचलूनच घेई. मग हायड्रोजन क्लोराइडची पाळी. तिथे दोन बांगड्या एकमेकींवर चढवायच्या, सामाईक जागेत दोन चिंचोके, आणि दोन्ही बाजूंच्या मुलांनी मोजायचे: हायड्रोजनकडून दोन, क्लोरीनकडून आठ. हाताने केले की कोणता बंध आयनिक (देवाणघेवाणीचा) आणि कोणता सहसंयुज (वाटणीचा), हे पाठ करावे लागत नसे.

एका वर्षी मिठागरात काम करणाऱ्या घरातल्या एका मुलीने विचारले, "बाई, खड्यात अशा जोड्या कुठे असतात?" तिने आणलेले खडे मीठ आम्ही भिंगाखाली धरले. पैलू चौकोनी, कोपरे काटकोनात. खड्यात प्रत्येक सोडिअम आयनाच्या भोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. अमक्याची जोडी अमक्याशी, असे तिथे नसतेच. आकृतीत आपण एकेकच काढतो ते फक्त प्रमाण दाखवायला. तव्यावर साखर बघता बघता वितळते, मीठ मात्र तसेच राहते, कारण त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. अडकलेल्या वर्तुळांची आकृती पाहून मुलांना यातले काहीही उलगडणार नाही.

ठिपके आणि फुल्यांखाली एक ओळ जरूर छापा: इलेक्ट्रॉन सगळे सारखेच, कोणता कुठून आला हे कळावे म्हणून खुणा वेगळ्या. "फुलीवाला इलेक्ट्रॉन वेगळा असतो का?" हा प्रश्न मला हुशार मुलांनीही विचारला आहे. १९१६ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी ही पद्धत मांडली तेव्हा त्यांनी नुसते ठिपकेच वापरले होते.

पाण्याच्या आकृतीत ऑक्सिजनवरच्या दोन मोकळ्या, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, इलेक्ट्रॉन-जोड्या गाळल्या आहेत. त्या शोभेच्या नाहीत. त्यांच्या रेट्यामुळेच पाण्याचा रेणू सरळ न राहता १०४.५ अंशांत वाकतो.

आणखी एक. एका आकृतीखाली 'मिथेनचा अणू' असे छापले आहे. मजकूर हिंदीवरून घेतला असावा, असा माझा अंदाज. हिंदीत आपल्या अणूला परमाणु म्हणतात आणि आपल्या रेणूला अणु. मुले हल्ली हिंदी व्हिडिओही पाहतात, त्यामुळे आधीच गोंधळलेली असतात. निदान मराठी वर्तमानपत्राने तरी मिथेनचा रेणूच लिहावा.

दुरुस्त आकृत्या पुढच्या सोमवारी तेवढ्याच मोठ्या आकारात, त्याच पानावर छापाव्यात, ही कळकळीची विनंती. खेड्यातल्या शाळांत ही पुरवणी कापून भिंतीवर लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सोबत मीठ, हायड्रोजन क्लोराइड, पाणी आणि मिथेन यांच्या चार आकृत्या कोऱ्या कागदावर काढून पाठवत आहे. पेन्सिलीने काढल्या आहेत, म्हणजे आपल्या चित्रकारांना त्यावरून सरळ गिरवता येतील.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, पेण