कारण आधी, वर्गांक नंतर

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बी.लिब.चा, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचा, निकाल लागला त्या दिवशी तुम्हाला फोन केला खरा, पण दोन वाक्यांत आभार मानून मोकळी झाले. तेव्हापासून रुखरुख लागून राहिली आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. वाचनालयात एकट्यानं काम करणारी माझ्यासारखी माणसं गावोगाव आहेत. तुम्ही आम्हाला काय दिलंत ते त्यांच्याही कानावर जावं असं मनापासून वाटतं.

आमचं वाचनालय तुम्हाला माहीत आहे. शासनाच्या वर्गवारीत सगळ्यात खालचा ‘ड’ वर्ग, दोन खोल्या, साडेचार हजार पुस्तकं, वर्तमानपत्रांचं एक लांबट टेबल आणि कर्मचारी मी एकटी. अकरा वर्षं मी पुस्तकं दाखल करतेय. एखादं पुस्तक कुठल्या विषयात घालावं असा प्रश्न पडला की विचारणार कुणाला? मग जे सुचेल ते लिहायचं आणि पुस्तक कपाटात ठेवून द्यायचं. बरोबर असलं तरी कुणी बरोबर म्हणत नव्हतं, चुकलं तरी कुणी अडवत नव्हतं. पुस्तकांच्या सहवासातही माणूस किती एकटा पडतो, हे या कामात कळतं.

अभ्यासक्रमाला आले तेव्हा रविवारच्या तासाला आम्ही बावीस जण आणि पुस्तकांना विषयानुसार अंक देणाऱ्या ड्यूई पद्धतीच्या चार खंडांचा संच एक. प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं यायची. दुसऱ्याच रविवारी तुम्ही साठ पुस्तकांची एक गूगल शीट केलीत, आम्हा सगळ्यांना तिच्यात घेतलंत आणि एकच नियम सांगितलात. दुसऱ्यानं लिहिलेला वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा अंक, पुसायचा नाही. पटला नाही तर त्या चौकटीवर टिप्पणी लिहायची. कारण आधी, वर्गांक नंतर.

त्या नियमाचं मोल मला ज्ञानेश्वरीच्या ओळीवर कळलं. आमच्या गटातल्या दादांनी २९४.५९२४ लिहिलं होतं. गीतेवरची टीका आहे, तेव्हा ती गीतेजवळच हवी, असं त्यांचं म्हणणं. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या ताईंनी खाली ८९१.४६१ सुचवलं, मराठी काव्य. एम.ए.ची मुलं ज्ञानेश्वरी तिथेच शोधतात, असं त्यांनी लिहिलं. रात्री अकरापर्यंत सतरा टिप्पण्या झाल्या. मी नुसती वाचत होते. शिकल्यासवरल्या लोकांत आपण काय बोलायचं, असं वाटत होतं. शेवटी धीर करून लिहिलं की आमच्याकडे आषाढीच्या आधी महिनाभर पारायणासाठी प्रती मागायला माणसं येतात, ती थेट अध्यात्माच्या कपाटापाशी जाऊन उभी राहतात, काव्याच्या कपाटाकडे कुणी फिरकत नाही. दोन मिनिटांत तुमचं उत्तर आलं: ‘हे कारण आहे. आता वर्गांक लिहा.’

मॅडम, अकरा वर्षांत माझ्या अनुभवाला ‘कारण’ असं त्या रात्री पहिल्यांदा कुणी म्हटलं. पुढच्या रविवारी तुम्ही दोन्ही वर्गांक फळ्यावर मांडलेत. आपापल्या वाचकांपुरते दोघेही बरोबर आहात, पण एकदा ठरवलं की तुमच्या ग्रंथालयातली प्रत्येक प्रत तिथेच गेली पाहिजे, हे बजावलंत. ते मी आमच्या दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट त्या गुरुवारची. वाचनालयाच्या संगणकावर बसून मी ग्रंथनामांचा रकाना अकारविल्हे लावायला गेले आणि तेवढाच रकाना निवडला. साठ पुस्तकांची नावं हलली, वर्गांक मात्र जागच्या जागी राहिले. पाककृतीच्या पुस्तकापुढे ज्योतिषाचा वर्गांक, कवितासंग्रहापुढे शेतीचा. घाबरून खिडकीच बंद केली, त्यामुळे केलेलं मागे घेण्याची वाटही गेली. बावीस जणांची तीन आठवड्यांची मेहनत माझ्या हातून गेली असं वाटून मी तिथेच रडले.

रात्री साडेनऊला तुम्हाला फोन लावला. तुम्ही रागावला नाहीत. ‘काही गेलेलं नाही, संगणकासमोर बसा,’ म्हणालात. फाइल, मग आवृत्ती इतिहास. उजवीकडे तारीख-वेळेसकट सगळे बदल ओळीनं दिसू लागले, कुणी कधी काय केलं ते रंगांसकट. मी लगेच जुनी आवृत्ती परत आणायला निघाले, तर तुम्ही थांबवलंत. माझ्यानंतर दोघांनी आणखी तीन नोंदी भरल्या होत्या, त्या त्यात गेल्या असत्या. आधी त्या तीन ओळी कागदावर उतरवून घ्या म्हणालात. मी उतरवल्या, जुनी आवृत्ती परत आणली, मग त्या तीन नोंदी पुन्हा भरल्या. सव्वादहा वाजले. तुम्हाला हे स्वतः दोन मिनिटांत करता आलं असतं. तरी पाऊण तास फोन कानाला लावून तुम्ही ते माझ्याकडून करून घेतलंत. आता आमच्या गटात कुणाचं असं काही झालं की फोन मला येतो.

किती गोष्टी आठवतात! विभावरी शिरूरकर, मालती बेडेकर आणि बालूताई खरे ही एकाच लेखिकेची नावं, पण आमच्या शीटमध्ये त्या तीन लेखिका झाल्या होत्या, कारण तिघांनी तीन पुस्तकांच्या नोंदी वेगवेगळ्या केल्या होत्या. तिन्ही ओळी एकाखाली एक दिसल्या तेव्हा एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी ‘पाहा’ नोंद कशासाठी असते ते समजलं. पुस्तकात वाचून समजलं नव्हतं. ‘साताऱ्या’तला र दोघांनी दोन तऱ्हेनं टंकित केला, दिसायला अगदी सारखाच, पण शोधलं तर एकच नोंद सापडायची. ते कोडं सोडवायला तुम्ही अख्खा तास दिलात. वारकरी संप्रदायावरच्या ग्रंथांची यादी, म्हणजे वाङ्मयसूची, झोटेरो या संदर्भ नोंदवायच्या प्रणालीच्या सामायिक गटात केली, तेव्हा एकच ग्रंथ चौघांनी चार वेळा घातला होता. नोंदी एकत्र करताना कुठली ठेवायची, यावर पुन्हा तेच: कारण लिहा.

अमेरिकेतल्या ओहायोची गोष्ट तर मी आता सगळ्यांना सांगते. १९७१ साली तिथल्या ग्रंथालयांनी संगणकाच्या तारेनं जोडून घेऊन तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं, सुरू केलं. एकानं पुस्तकाची नोंद करायची, बाकीच्यांनी ती वापरायची. आपण करतोय ते फार जुनं आणि मोठं काम आहे, फक्त आपल्या खोलीपर्यंत पोहोचायला वेळ लागला, असं तुम्ही म्हणाला होतात. आणि ग्रंथालयाचं काम संगणकावर करायच्या प्रणालीचं नाव ‘कोहा’ हा माओरी भाषेतला शब्द आहे, त्याचा अर्थ भेट, हेही तुमच्याकडूनच कळलं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी केलेली ती प्रणाली त्यांनी सगळ्या जगाला फुकट दिली. ती मी परीक्षेपुरती शिकले होते. आता आमच्या संगणकावर बसवून घेतली आहे.

अभ्यासक्रम संपला तरी आमच्यापैकी नऊ जण अजून एका शीटवर आहोत. नऊ तालुके, नऊ वाचनालयं. दुपारी वाचक नसले की मी दहा-पंधरा नोंदी करते. कुठे अडले तर टिप्पणी टाकते, आणि संध्याकाळी दार लावायच्या आत कुणाचं तरी उत्तर आलेलं असतं. खोली तीच आहे मॅडम, कर्मचारीही मी एकटीच, पण काम करताना आता एकटं वाटत नाही. हे तुमच्यामुळे झालं. यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

आमच्या १,१०० पुस्तकांच्या नोंदी झाल्या. ओळ ७३८ वर मात्र नऊही जण अडलो आहोत. शीर्षकपान फाटलेलं आहे, लेखकाचं नाव कुठेच नाही, शेवटच्या पानावर फक्त मुद्रणालयाचं नाव आणि ‘किंमत आठ आणे’. कारणं सगळ्यांनी लिहिली आहेत. तुम्हालाही शीटमध्ये घेतलं आहे. सवड झाली की एकदा बघाल का?

आपली विद्यार्थिनी