कोल्हापूरच्या रेकॉर्डिस्ट काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमचे नाव कुठे छापायचे नाही असे तुम्ही बजावले असल्यामुळे हे पत्र नावाशिवायच लिहिते आहे. ज्यांना ओळख पटायची त्यांना ती पटेलच. स्वतः गाणी लिहायची, स्वतःच त्यांना चाल लावायची आणि कोणत्याही कंपनीच्या पाठबळाविना ती लोकांपर्यंत पोहोचवायची, असे करणारी माझ्यासारखी माणसे आता गावोगावी आहेत. गाणे कसे रचावे हे सांगणारे त्यांना कोणी ना कोणी भेटतेच, पण गाणे रचून झाल्यानंतर जी कामे उरतात ती समजावून सांगणारे सहसा भेटत नाही. मला तुम्ही भेटलात. प्रत्यक्ष आभार मानायला गेले की तुम्ही चहाचे आधण ठेवायला उठता, म्हणून ते येथे जाहीरपणे मानते आहे.

सर्वांत आधी आभार मानायचे आहेत ते तुम्ही माझ्याकडून पैसे घेतल्याबद्दल. शाळेतल्या बाई हौसेने गाणी करतात असे कळल्यावर ‘तुमच्याकडून काय घ्यायचे’ असे म्हणून काम उरकून देणारे पुष्कळ भेटतात, आणि फुकट झालेल्या कामात काही उणे राहिले तरी तोंड उघडायची सोय राहत नाही. तुम्ही तासाचा दर सांगितलात, आगाऊ रक्कम घेतलीत, पावती फाडलीत, आणि त्यानंतर एका ओळीसाठी सबंध संध्याकाळ गेली तरी घड्याळाकडे पाहिले नाहीत. तबलावादकाचे मानधन पहिला टेक सुरू होण्यापूर्वी त्यांच्या हातात पडले पाहिजे, हा आग्रहही तुमचाच. माझी गाणी ही हौस नसून काम आहे, असे मला त्याआधी कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते. आणि तुम्हीही ते शब्दांत सांगितले नाहीत.

मुंबईच्या स्टुडिओंत टेपच्या काळात उमेदवारी केलेल्या माणसाचा कान कसा असतो, हे मला तुमच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत कळले. दाराला आतून गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, आणि शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसून राहायचे. माइकच्या जाळीसमोर तुम्ही एक साधी पेन्सिल उभी बांधली होती. प, फ, ब, भ उच्चारताना तोंडातून जो हवेचा झोत सुटतो तो त्या पेन्सिलीवर फुटतो आणि ध्वनिमुद्रणात धक्का बसत नाही, हे तुम्ही मला सांगितलेत, आणि तोंड किंचित तिरपे ठेवून गायला लावलेत. त्या दिवशीचे गाणे ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर आमच्या सांगली जिल्ह्यात येणाऱ्या आणि पट्टा पडला, म्हणजे तोड संपली, की शाळेतून निघून जाणाऱ्या एका मुलीचे होते. त्याच्या ध्रुवपदात ‘पटावरी ते नाव तिचे पण बाक रिकामा राहे’ अशी ओळ आहे. केरवा तालाची सम, म्हणजे पहिली ठळक मात्रा, ‘बाक’वर येत असल्यामुळे तिच्या आधीचा ‘पण’ मी प्रत्येक वेळी घाईने गिळत होते, आणि चाल बरोबर, सूर बरोबर, ताल बरोबर असूनही तुम्ही टेक मान्य करीत नव्हता. शेवटी हेडफोन काढून तुम्ही म्हणालात, “बाई, सगळं गाणं त्या ‘पण’वर उभं हाय. तोच ऐकू आला नाही, तर गीतकाराचा उपयोग काय?” मग तुम्ही मला काहीच बदलायला सांगितले नाहीत, तबलावादकाला त्या आवर्तनाच्या शेवटच्या दोन मात्रा रिकाम्या सोडायला सांगितल्या. ‘पण’ आपोआप सुटा झाला. हे मी अजून इतरांच्या गाण्यांत शोधत असते, आणि जिथे शब्दाखाली ठेका मुद्दाम थांबवलेला आढळतो तिथे त्या अनोळखी वादकाविषयी आदर वाटतो.

सुरांच्या बाबतीतही तुम्ही असेच वागलात. संगणकावर सूर दुरुस्त करणारा प्रोग्रॅम तुमच्याकडे आहे आणि तुम्ही तो वापरताही, पण माझ्या मींडेवर तो चालवायला तुम्ही नकार दिलात, कारण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे ही त्या प्रोग्रॅमच्या हिशेबी चूक असते आणि तो प्रत्येक क्षणी आवाजाला जवळच्या स्वरावर ओढून बसवतो. शिवाय त्याचे स्वर असतात हार्मोनियमच्या हिशेबाचे. तानपुऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा हार्मोनियमवरचा गंधार सुमारे १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याएवढा, चढा असतो. मिरजेचा तानपुरा घोडीवर सूत नीट सरकवून जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झणक, खुलल्यावर वाजू लागला, तेव्हा तो फरक तुम्ही मला दोन्ही वाद्ये लागोपाठ वाजवून ऐकवलात आणि मगच त्या गाण्यातून हार्मोनियम काढून टाकावी असे सुचवलेत. मी स्वतः हार्मोनियमवर चाली बांधते. सूचना पचनी पडायला वेळ लागला. गाणे मात्र त्यानंतरच मोकळे वाटू लागले.

मिक्स झाल्यावर तुम्ही ते मोठ्या स्पीकरवर एकदा ऐकवलेत आणि मग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेल्या जुन्या मोबाइलवर वारंवार ऐकलेत, कारण बहुतेक लोक ते तसेच ऐकणार होते. आवाज आणखी मोठा करा असा माझा हट्ट होता. स्पॉटिफायसारखी सेवा सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्स (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) या एकाच पातळीवर आणून वाजवते, त्यामुळे अतिदाबाने फुगवलेले गाणे तिथे पुन्हा खालीच ओढले जाते आणि त्यातला चढउतार तेवढा फुकट जातो, हे तुम्ही मला आकृती काढून समजावलेत. ती आकृती लाइटबिलाच्या पाठीवर आहे आणि मी ती जपून ठेवली आहे.

यानंतरच्या कामांकडे आम्हा स्वतंत्र गीतकारांचे लक्ष नसते. गाणे वितरणासाठी चढवण्यापूर्वी तुम्ही एका कागदावर शब्द कोणाचे, चाल कोणाची, गायन व वादन कोणाचे आणि त्यात कोणाचा किती वाटा हे लिहवून घेतलेत आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्यात. माझे नाव सर्वत्र एकाच स्पेलिंगने जाईल हे पाहिलेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा खुणांचा आयएसआरसी कोड वहीत उतरवून ठेवायला लावलात, कारण तेच ध्वनिमुद्रण उद्या दुसऱ्या वितरकामार्फत द्यायचे झाले तर कोड तोच राहिला पाहिजे. हे सगळे कंटाळवाणे होते. पत्रातही ते कंटाळवाणेच वाटत असेल.

आणि मग तो करार आला. एका कंपनीला माझी काही गाणी हवी होती. रक्कम एकरकमी, आणि मजकूर असा की सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, सर्व देशांत, कायमचे, शिवाय शब्दांत हवा तो बदल करण्याची मुभा. घरात पेढे आले होते. तुम्ही चष्मा चढवलात, लाल पेन्सिल घेतलीत आणि मला शेजारी बसवून १९५७ चा कॉपीराइट कायदा काढलात. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच होतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ‘कायमचे’ आणि ‘सर्व देशांत’ हे शब्द तिथे इतक्या ठसठशीतपणे छापलेले असतात, हे तुम्ही एकेका कलमावर बोट ठेवून दाखवलेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा, ध्वनिमुद्रणाचे हक्क दुसऱ्याला दिले तरी, शाबूत राहतो, आणि आपल्या कृतीची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा विशेष हक्क लेखकाला वेगळाच असतो, हेही मला त्या दिवशी कळले. राज्यसभेत त्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी बाजू मांडली होती, हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता. एकरकमी पैशांवर सही करून गेलेले गीतकार तुम्ही तरुणपणी काचेपलीकडून पाहिले होते, एवढेच तुम्ही म्हणालात आणि कोणाचेही नाव घेतले नाही.

सही करू नका असे मात्र तुम्ही म्हणाला नाहीत. मुदत, प्रदेश आणि शब्दांतला बदल या तीन गोष्टी मागून पाहा, मग ठरवा, एवढाच सल्ला होता. मी त्या मागितल्या. पलीकडून उत्तर आले नाही. त्याच आठवड्यात मी तुमच्या सांगण्यावरून १९६९ पासून गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला.

पैशांचे खरे सांगायचे तर ते फारसे नाहीत. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा वाजल्याशिवाय गाण्यापोटी काहीच मिळत नाही, आणि माझी काही गाणी त्या रेषेच्या अलीकडेच आहेत. हा नियम लहान गीतकारांवर अन्याय करणारा आहे असे माझे मत आहे. तुमचे मत याहून सौम्य आहे, त्यावर आपण भांडलो आहोत आणि पुन्हा भांडू. परंतु बेळगावच्या एका महिला मंडळाने ‘पटावरी ते नाव तिचे’ आपल्या कार्यक्रमात गाण्यासाठी मला पत्र लिहून परवानगी मागितली, ती केवळ गीत आणि संगीत या दोन्ही रकान्यांत माझे नाव त्यांना सापडले म्हणून. परवानगी आनंदाने दिली, आणि सोबत एक विनंती केली की ‘पण’च्या दोन मात्रांवर ठेका सोडावा. त्यांच्या तबलजींनी तो सोडला, असे त्यांनी नंतर कळवले. हे तुमच्या कानावर घालायचेच होते.

तानपुऱ्याची जवारी मिरजेहून करून आणली आहे. दोन नवी गाणी तयार आहेत, त्यांपैकी एकाची पट्टी बहुधा अर्ध्या सुराने चढवावी लागेल, कारण अंतऱ्याचे शेवटचे शब्द खालच्या पंचमाखाली जातात आणि तिथे माझा आवाज पुरत नाही. तबलावादक रविवारी मोकळे आहेत. दर वाढवला असल्यास तोही कळवावा, आणि कुकरच्या शिट्ट्यांचा अंदाज घेऊन वेळ तुम्हीच ठरवावी.

काकूंना नमस्कार.

आपली,
सांगलीची एक गीतकार शिक्षिका