लहान घर लावताना आधी जमीन मोकळी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र जवळ आलं की तुमच्या पुरवणीत घर सजवायचे लेख सुरू होतात. मी ते दरवर्षी आवडीने वाचते, पण यावेळी पत्र लिहावंसं वाटलं कारण त्या फोटोतली घरं आणि आमची घरं यांचा काही मेळच बसत नाही. फोटोतल्या हॉलमध्ये एल शेपचा सोफा, समोर टीपॉय, कोपऱ्यात मोठं झाड आणि एवढं सगळं मांडूनही माणसं आरामात फिरतील इतकी जागा. मुंबईत किती जणांकडे असा हॉल आहे? एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर ३०० चौरस फुटांचं. बीडीडी चाळीतली खोली तर १६० फुटांची, २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पुनर्विकासात वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या तेव्हा आम्हा सगळ्यांनाच ५०० म्हणजे केवढं मोठं असं वाटलं होतं. मी स्वतः भांडुपला वन बीएचकेमध्ये राहते, सासूबाई, आमचे हे, मी आणि बारावीतली मुलगी. तर आमच्यासारख्यांसाठी कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून हा प्रपंच.

माझं म्हणणं एकच आहे, लहान घरात आधी जमीन मोकळी करा. कपाट, रॅक, ऑर्गनायझर, प्लॅस्टिकच्या बास्केट जे काय आणायचंय ते त्यानंतर, आणि बऱ्याचदा मग ते आणायची गरजच उरत नाही. कारण आपल्याकडे एकच खोली दिवसभरात चार कामं करते. सकाळी हॉलमध्ये डबे भरायचे, दुपारी सासूबाई तिथेच लवंडतात, संध्याकाळी मुलगी पुस्तकं पसरून बसते, रात्री आमच्या दोघांच्या गाद्या तिथेच पडतात. यातलं प्रत्येक काम जमिनीवर होतं, आणि त्याच जमिनीवर आपण एकेक वस्तू कायमची आणून ठेवतो.

पलंगाचं बघा. किंग साइज पलंग सहा बाय साडेसहा, म्हणजे ३९ चौरस फूट. नऊ बाय दहाची बेडरूम म्हणजे ९० फूट. जवळजवळ अर्धी खोली एका पलंगात गेली, उरलेल्या जागेत कपाट ठेवलं की त्याचं दार पलंगाला अडतं, मग ते अर्धंच उघडतं, आणि अर्ध्या दारातून जे हाताला लागतं तेच कपडे आपण वर्षभर घालतो, मागचे तसेच पडून. आणि करारात ४०० फूट लिहिलंय म्हणजे तेवढी लादी मिळते असंही नाही. रेरा म्हणजे घरखरेदीच्या कायद्यामध्ये कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी धरत नाहीत पण घराच्या आतल्या भिंती धरतात, त्यांच्याखाली गेलेली जागा तुमच्या फर्निचरच्या कामाची नाही. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी स्वतः टेप घेऊन मोजा, लादीवर खडूने पलंगाची चौकट आखा आणि एक-दोन दिवस तिला वळसा घालून चाला. आम्ही तसं केलं आणि पलंगाचा विचार सोडून साडेतीन फुटी दिवाण केला, खाली बॉक्स असलेला. त्यावर सासूबाई झोपतात, मुलगी शेजारी गादी घालते, सकाळी गादी गुंडाळली की खोलीत व्यायाम करण्याइतकी जागा होते.

हे काही नवीन नाहीये. मी लालबागच्या चाळीत वाढले, दहा बाय बाराची खोली आणि आम्ही सहा जण. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणाच्या वळकट्या करून ट्रंकांवर, त्यावर चादर, झाली पाहुण्यांना बसायला जागा. भिंतीत फडताळ, त्याच्या वर फळी, फळीवर डबे, कपडे वलणीवर, पिशव्या आणि छत्र्या खुंटीला. जमिनीवर कायमचं म्हणाल तर पाण्याचं पिंप आणि आईचं शिवणाचं मशीन. कॉमन संडासाची रांग मी विसरलेले नाही, त्यामुळे तेच दिवस चांगले होते असं मी कोणाला सांगणार नाही, पण जमीन मोकळी ठेवायची ती सवय खरोखर शहाणपणाची होती आणि फ्लॅटमध्ये येताना आपण तीच मागे सोडून आलो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सुरुवात कुठून करायची. मी सगळ्यांना सांगते, माळ्यापासून. माळा भरलेला असेल तोवर खालची वस्तू जाणार कुठे? आमच्या माळ्यावर काय काय निघालं बघा, जुन्या टीव्हीचा खोका आणि त्यातलं थर्माकोल, मिक्सर कधीच गेला पण त्याची दोन भांडी होती, लग्नात आलेले लेमन सेट पॅकबंद, मुलीची बालवाडीची दप्तरं, पडद्याचे रॉड, आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर. राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ मध्ये बंदी आली, म्हणजे ते मखर परत कधीच लावलं जाणार नव्हतं, तरी दरवर्षी बाकीचं सामान काढताना ते बाजूला सरकवून पुन्हा आत जात होतं. असं मखर तुमच्या ओळखीच्या चार माळ्यांवर तरी सापडेल याची मला खात्री आहे.

पुरवणीतल्या लेखात लिहितात, सगळं सामान एकदम बाहेर काढा, ढीग करा, मग निवडा. अहो पण ज्या जमिनीवर रात्री झोपायचंय तिथे ढीग घालून कसं चालेल! आमच्याकडे एका वेळी माळ्याचा एकच कोपरा निघतो. हे शिडीवर, मी खाली, जमिनीवर जुनी चादर पसरलेली, जे येईल ते चादरीवर. चादरीच्या बाहेर काही जाऊ द्यायचं नाही. ठेवायचं ते पुसून लगेच वर, द्यायचं ते पिशवीत घालून दाराशी, आणि दुपारच्या जेवणाआधी चादर झटकून घडी. पुढचा कोपरा पुढच्या रविवारी. वेळ लागतो, पण घर एक रात्रही विस्कटलेलं राहत नाही, आणि लहान घरात विस्कटलेल्या रात्रीनेच माणसं चिडतात आणि सगळा बेतच सोडून देतात.

यात सासूबाईंच्या वस्तूंना मी त्यांना विचारल्याशिवाय हात लावत नाही. सासरे गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर कामावर परत गेलेच नाहीत, त्यांचा पितळी जेवणाचा डबा माळ्यावर एका गोणपाटात होता. मुलगी म्हणाली, आजी हा वापरायचा तरी का नाही? मग चिंच लावून लखलखीत घासला आणि ओट्यावरच्या फळीवर ठेवला, वरच्या कप्प्यात लवंग-वेलची, खालच्यात सुपारी. त्याच दिवशी सासूबाईंनी स्वतःहून तीन स्टीलचे हंडे भांड्यांच्या मोडीत काढायला सांगितले. म्हाताऱ्या माणसांना आपलं महत्त्वाचं काय ते नीट माहीत असतं, फक्त ते डोळ्यासमोर राहील एवढा भरवसा त्यांना द्यायला लागतो.

दुसरी मोठी गोष्ट ओल, आणि याबद्दल सजावटीच्या लेखांत अक्षरही नसतं. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो वाऱ्याबरोबर नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती चार महिने भिजत असतात. नेमकं त्याच भिंतीला जमिनीपासून सिलिंगपर्यंत चिकटवून कपाट करतात, कारण तीच भिंत सलग सापडते. मग ऑक्टोबरात साड्या काढायला जा, मागच्या फळीवर काळे ठिपके, सिल्कच्या काठाला कुबट वास, चामड्याच्या पर्सवर पांढरी बुरशी. डांबरगोळ्या टाकून ती जात नाही, तिला हवाच लागते. कपाट शक्यतो आतल्या भिंतीला करा, नाइलाज असेल तर भिंतीपासून तीन बोटं सोडा आणि वरून-खालून हवा जाईल असं ठेवा. आणि कपाट ठासून भरू नका, कपड्यांच्या घड्यांमध्ये हात सहज गेला पाहिजे.

रंगाचंही तेच. घटस्थापनेच्या आत रंग झाला पाहिजे म्हणून सगळे पेंटरच्या मागे लागतात, पण हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईतून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीखच ८ ऑक्टोबर आहे. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि त्यावर महागातला रंग लावला की होळीपर्यंत पोपडे धरायला लागतात आणि शिव्या बसतात पेंटरला. घरच्या घरी तपासता येतं, फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवायचा, एक दिवसाने काढायचा, आतून थेंब धरले असतील किंवा भिंत काळपट झाली असेल तर अजून थांबा. दसऱ्याला घर झाडून-पुसून लख्ख असलं की पुरे, रंग दिवाळीनंतर दिला तरी देवीला राग येत नाही असं आमच्या सासूबाईच सांगतात.

आणि गळती असेल तर आधी ती बंद करा, त्यावरून शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. खरं तर सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या नमुना नियमांत हे लिहिलेलं आहे, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची, आणि संडास, सिंक यातून गळत असेल तर खर्च ज्याच्या फ्लॅटमधून गळतंय त्याचा. हे सेक्रेटरीला दाखवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

सुताराकडून काम करून घेताना सिंकच्या खालच्या कपाटाला तरी आयएस ७१० हा मानक क्रमांक छापलेला मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय वापरायला सांगा, भुशाचा दाबलेला बोर्ड पाणी लागलं की फुगतो आणि बिजागरी सुटते. तळमजल्यावर किंवा सखल भागात राहत असाल तर करार, मार्कशीट, रेशनकार्ड खालच्या ड्रॉवरमध्ये कधी ठेवू नका, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कुर्ला, कलिना भागात कित्येकांची आयुष्यभराची कागदपत्रं त्या एका रात्रीत लगदा झाली. आणि घरात जागा नाही म्हणून चपलांचं रॅक, जुनं कपाट, सायकल जिन्यात किंवा पॅसेजमध्ये नेऊन ठेवू नका. राज्यात २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, पण धुरात अंधार झाल्यावर खाली उतरणारा माणूस कशाला अडखळेल याचा विचार आपणच करायचाय.

आता तुमच्या पेपरने काय करावं ते सांगते. घरातून काढलेल्या वस्तूचं पुढे काय हा आमचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. पेपर रद्दीवाला नेतो, लोखंड भंगारवाला नेतो, जुने कपडे घेऊन बोहारीण पातेलं देते, मोडलेला मोबाइल, चार्जर, वायरी ई-कचऱ्यात द्यायच्या हे आता बऱ्याच जणांना कळलंय. पण कापसाची जुनी गादी? फुगलेलं प्लायचं कपाट? ते कोणीच घेत नाही. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, तार वाजवत तोच कापूस पिंजून नवी गादी भरून द्यायचा, अजूनही काही भागांत आहेत पण त्यांचं दुकान कुठे आहे ते शोधावं लागतं. घरात फोडाफोड केली तर निघालेलं डेब्रिज, म्हणजे राडारोडा, पैसे भरून उचलायची पालिकेची सोय आहे, तशीच मोठ्या सामानासाठी प्रत्येक वॉर्डात नवरात्राआधीचा एखादा रविवार ठरवून जाहीर करायला काय हरकत आहे? लोकांना वस्तू टाकायची असते, जागा नसते, मग ती रात्री नाल्याच्या कडेला जाते आणि पुढच्या जुलैत तोच नाला तुंबतो.

तेव्हा माझी विनंती आहे की दिवाळीच्या पुरवणीत एक पान ३०० ते ४०० फुटांच्या खऱ्या घरांना द्या, फोटोबरोबर खोलीची मापं छापा आणि त्या घरातली माणसं रात्री कुठे झोपतात तेही लिहा. आणि तुमचे बातमीदार सगळ्या वॉर्ड ऑफिसांत जातच असतात, त्यांनी गादी, कपाट, ई-कचरा, डेब्रिज यातलं काय, कुठे, कोणत्या वारी आणि किती पैशात घेतात ते विचारून वॉर्डवार यादी छापावी, शक्य झाल्यास पिंजाऱ्यांच्या पत्त्यासकट. ती आमच्या सोसायटीच्या बोर्डावर लावायचं काम माझ्याकडे लागलं.

आपली,
एक वाचक, भांडुप पूर्व