बेकरी, टॅक्सी आणि भैरवी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहिते आहे. सतारमेकर गल्लीत तुम्ही 'मुलगी न्यूयॉर्कला म्युझिक शिकवते' असं सांगता, ते जूनपासून खरं नाही. कॉलेजने करार पुढे वाढवला नाही. सध्या चार दिवस पहाटे साडेचारला बेकरीत जाते, दुपारी घरी येऊन लिहायला बसते. परवा स्वरलिपीच्या कागदावर पिठाचा अंगठा उमटला, तर चेलो वाजवणाऱ्या मुलीने विचारलं, हा स्वर कसा वाजवू? (हळू, असं सांगायला हवं होतं.)

बाबा, 'मग परत ये' म्हणायच्या आधी फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचं ऐका. बाल्टिमोरचा, वडिलांचं रेकॉर्डचं दुकान. संगीत शिकायला न्यूयॉर्कला निघाला तेव्हा आईने बजावलं, काकासारखा गावोगाव हॉटेलांत राहशील. १९७६ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या थिएटरात त्याच्या 'आइन्स्टाइन ऑन द बीच'चे दोन प्रयोग हाउसफुल्ल झाले, वर कर्ज झालं आणि हा पुन्हा टॅक्सी चालवायला लागला. त्याआधी नळाची कामंही करायचा. एकदा कुणाच्या घरी भांडी धुण्याचं मशीन बसवत होता, तर घरमालक निघाला नावाजलेला कलासमीक्षक. तो बघतच राहिला, तुम्ही इथे काय करताय! टॅक्सी सुटली तेव्हा ग्लास एक्केचाळीस वर्षांचा होता. मी चौतीसची आहे.

आई, तुझ्यासाठी वेगळं. तरुणपणी पॅरिसमध्ये याला रविशंकरांचं एका चित्रपटाचं संगीत तिथल्या वादकांसाठी लिहून द्यायचं काम मिळालं. आघात भलतीकडेच पडतोय म्हणून तबलावादक अल्लारखाँ सारखे अडवायचे. शेवटी वैतागून त्याने कागदावरच्या, मात्रांचे गट पाडणाऱ्या सगळ्या उभ्या रेघा पुसल्या, आणि तेव्हा कुठे त्याला ताल दिसला. पुढे १९८० मध्ये रॉटरडॅमला त्याचा 'सत्याग्रह' ऑपेरा झाला. गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, पण शब्द सगळे गीतेतले, संस्कृतातच. शेवटी गांधीजी एकटेच उभे राहून सा ते सा चढत जातात, तेवढीच ओळ, पुन्हा पुन्हा. रे, ग, ध, नि, चारही कोमल, म्हणजे भैरवीचेच स्वर. त्याच्या मनात असो-नसो, मैफल आपल्या रीतीने संपली. मी तर हेडफोन लावून बसमध्ये रडले.

मी ग्लास नव्हे, माहीत आहे. त्याच्याबरोबर टॅक्सी चालवणारे आणखी कितीतरी संगीतकार असतील, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. पण भाडं निघतं, दुपार माझी असते. पैसे पाठवू नका. गल्लीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

एक काम मात्र करा. नव्या रचनेसाठी तंबोऱ्याचा आवाज हवाय, पण जुळलेल्या नाही, जुळत असलेल्या तंबोऱ्याचा. बाबा, जवारी लावताना तारेखाली दोरा सरकवता ना, ते फोनवर टिपून पाठवा. पंखा बंद करून. आणि आई, तेवढा वेळ कुकर लावू नकोस.

तुमची
माई