आवाज देणाऱ्यांचे आभार

पदवीच्या तीन वर्षांत ज्यांनी माझी पाठ्यपुस्तके आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून दिली, त्यांपैकी एकाचेही नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

१९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी ब्रेल आणि बोलक्या पुस्तकांची जी वाट घालून दिली, तिच्यावरूनच माझ्यासारखे अंध विद्यार्थी चालत आहेत. अर्थशास्त्रातील आलेख शब्दांत समजावणे सोपे नसते. मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे कशी उतरते हे वाचताना एक ताई क्षणभर थांबल्या आणि तेच वाक्य अधिक सोपे करून त्यांनी पुन्हा सांगितले. तो थांबा ध्वनिमुद्रणात तसाच राहिला आहे आणि मला तो फार प्रिय आहे.

दादर स्थानकाचा पूल पांढऱ्या काठीने ओलांडायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांचाही मी ऋणी आहे.

परीक्षेत लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ मिळण्याची तरतूद आहे, तरी लेखनिक मिळणे प्रत्यक्षात अवघडच असते. शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्री ठरलेला लेखनिक आजारी पडला, तेव्हा संस्थेने शोधून दिलेली एक अनोळखी विद्यार्थिनी विरारहून पहाटेची लोकल पकडून आली, चार तास माझी उत्तरे लिहीत बसली आणि मानधनाचा विषयही न काढता निघून गेली. आपण हे वाचत असाल, तर एवढेच कळवायचे आहे की त्या विषयात मी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालो.