काजूच्या कारखान्यात बायका का टिकत नाहीत

संपादक महोदय,

काजू कारखान्यांना बायका मिळत नाहीत, सगळ्या गोव्याची वाट धरतात, ही आम्हा कारखानदारांची तक्रार आपल्या दैनिकात वाचली. वेंगुर्ले तालुक्यात १४ बायकांच्या हातांवर माझा छोटा कारखाना चालतो. चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. त्या मे महिन्यात, गोदाम बियांनी भरलेलं असताना, एका आठवड्यात पाच जणी गेल्या.

त्यातल्या एका काकींच्या घरी मी दर वाढवून द्यायला गेले. त्यांनी हात पुढे केले. "पैशांसाठी नाय गो बाय. हे बघ." बी उकडून फोडली तरी टरफलातलं तेल सुटतं आणि कातडी जाळतं. त्यांची बोटं काळी पडून सोलली होती. त्याच हातांनी घरी मासे साफ करायचे, मीठमसाला लावायचा. हातमोजे मी आणून दिले होते. पण काम किलोवर. मोजे घातले की हात मंदावतो, किलो कमी भरतात, मजुरी पडते. म्हणून कोणी घालत नव्हतं, आणि 'यांनाच नको असतात' असा समज करून मी स्वस्थ बसले होते. याची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून बी फोडणाऱ्यांना मी हजेरीवर पगार देते, मोजे घालूनच. पहिला महिना काम कमी झालं, हे खरं. पण घाई गेली तसे गराचे तुकडे कमी होऊ लागले, आणि अख्ख्या गराला तुकड्यापेक्षा किती जास्त भाव येतो हे कारखानदारांना मी सांगायला नको.

दाराला आतून कडी आणि नळाला पाणी असलेलं संडास त्याच वर्षी बांधलं. आधी बायका दिवसभर पाणीच पीत नसत. भातलावणीच्या दिवसांत पाळ्या लावून सुट्टी देते. ज्या बाईचा स्वतःचा कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा आहे, ती आषाढात कारखान्यात येणार नाहीच, मग तिचं नाव का कापायचं? चतुर्थीचा पगार आणि बोनस गणपतीच्या आठ दिवस आधी हातात.

भविष्यनिर्वाह निधी २० कामगारांच्या खाली सक्तीचा नाही, पण बहुसंख्य कामगार तयार असतील तर मालकाला आपणहून नोंदणी करता येते. आम्ही केली. माझा खर्च वाढला. पण १० वर्षं भरली की पुढे पेन्शन आहे, हे कळल्यावर दोघीजणींनी गोव्याच्या हॉटेलातलं काम नाकारलं.

कारखानदारांची पुढची बैठक होईल तेव्हा यंत्रांच्या अनुदानाबरोबर हातमोजे, संडास आणि हजेरीचा दर हे विषयही घ्यावेत. आणि त्या बैठकीला फोडणाऱ्या-सोलणाऱ्या चार बायकांनाही बोलवावं, एवढीच विनंती.

– एक काजू कारखानदार महिला, वेंगुर्ले तालुका